तिथीची पाऊणपट

तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून
सवड नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी
मी एक अ‍ॅप करायला घेतलं,
दापोलीच्या कॉलेजात, खिडकीजवळच्या त्या कॉम्प्युटरवर
ज्याची एन्टरची की दोनदा दाबावी लागते.

चोवीस चौकोन काढले, तासाला एक.
अभ्यास निळा, व्यायाम हिरवा, छंद जांभळा,
राहून गेलेलं काम लाल.
इतकं देखणं झालं की दोन दिवस
मी नुसती बघत बसले
आणि माझंच जर्नल लिहायचं राहिलं.

मग तिघांना वापरायला दिलं.

सायमा मुकादम म्हणाली, छान आहे गं,
पण आमच्याकडे रेंज येते ती गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर.
तुझं अ‍ॅप गोल गोल फिरत राहतं
आणि मी टाकीभोवती.

तृषाली रेवाळेने विचारलं,
आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरणं कशात घालू, छंदात?
मी म्हटलं, कुटुंबात घाल.
पेटीमागे पैसे मिळतात त्याचे, ती म्हणाली,
आणि बाग दुसऱ्याची आहे.
मी पिवळा रंग वाढवला.
तिला तो आढीत न घातलेला वाटला.

हरेश दोरकुळकर काहीच बोलला नाही.
तीन आठवड्यांनी त्याचा फोन मागून घेतला
तर काचेवर बोयटाचा खवला सुकून बसलेला,
नेमका घंटीच्या चिन्हावर.
नखाने काढला. खाली सगळं लाल.
सकाळी सहा, अभ्यास: लाल.
सकाळी सात, अभ्यास: लाल.
सोमवारपासून सोमवारपर्यंत,
आगपेटीवरच्या पट्टीसारखं.
"ओल्या अंगठ्याला दाद देत नाही ते," तो म्हणाला.
आणि जरा थांबून,
"सहा म्हणजे तुझे सहा."

रविवारी पाजला गेले.
त्याचे वडील पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून
भोकं सांधत होते.
खाडीचं तोंड गाळाने भरलंय, ते म्हणाले,
पाणी चढलं की होडी आत, तोवर बाहेर.
घड्याळ काय करणार त्याला?
तिथीची पाऊणपट कर.
पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा,
एकादशीला सव्वाआठ.
मी वहीत लिहिलं. मग विचारलं,
आणि तिथीचा क्षय असला तर?
सुतळी दाताने तोडत ते म्हणाले,
तेव्हा पाण्याकडे बघ.

परत आले ती चोवीस चौकोन पुसूनच.
एका ओळीचं गणित:
तिथी गुणिले तीन, भागिले चार.
त्याला टेकून बाकीचा दिवस,
रोज पाऊण तास पुढे सरकणारा.
बटणं अंगठ्याएवढी केली.
रेंज नसली तरी चालेल असं केलं,
त्यात सात रात्री गेल्या.
लाल काढून टाकला.
राहिलेलं काम आता नुसतं फिकट होतं
आणि पुढच्या पाण्याला परत दिसतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले,
कल्पना बरी आहे, पण
हे पुण्यात कसं चालेल?
मी म्हणून गेले, सर, पुण्याला भरती येत नाही.
मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.
सरांनी काहीतरी खोडलं,
काय ते मला बाकापलीकडून दिसलं नाही.

आज दशमी. साडेसातला पाणी.
हरेशची होडी आत येईल, टोपल्या उतरतील,
आसूदवरून जाणारी एसटी आठ चाळीसची,
दहाला प्रॅक्टिकल.
मध्ये थोडा वेळ मोकळा सापडला
म्हणून अ‍ॅपने आपण होऊन विचारलं:
यात काय घालू?
त्याने लिहिलंय, काही नको.

मी दोनदा वाचलं.
मग ते दोन शब्द
अभ्यास, व्यायाम, छंद, कुटुंब, पेट्या
यांच्या खाली, यादीत शेवटी टाकले.
रंग अजून ठरवलेला नाही.